ओसाड नव्हती ती जमीन : आमच्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आपल्या शहरातील मराठी मंडळ, ओक्लाहोमा

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या महाराष्ट्र दिनाच्या कार्यक्रमाचे निवेदन आपण सर्व सभासदांना पाठवले, त्याला तीन आठवडे झाले. ‘अटकेपार ते ओक्लाहोमा’ अशा शीर्षकाखाली त्यात सहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी ‘लँड रन’चा, म्हणजे १८८९ साली इथे झालेल्या जमिनीच्या शर्यतीचा, खेळ जाहीर केला आहे. मुलांनी काउबॉय टोप्या घालून, पुठ्ठ्याचे छकडे ओढत रेषेवर उभे राहायचे, शिट्टी वाजली की मैदानावर चुन्याने आखलेल्या चौकोनांकडे धावत सुटायचे आणि ज्याची झेंडी आधी रोवली जाईल त्याचा तो चौकोन, असे खेळाचे नियम आहेत. ‘ओसाड माळरानावर धाडसी माणसांनी एका दिवसात शहरे वसवली, त्या जिद्दीला सलाम’ असे निवेदनातले वाक्य आहे. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या वाट्याला पिसांचा मुकुट घालून मैदानाच्या कडेला उभे राहण्याचे आणि धावणाऱ्यांना हात हलवून निरोप देण्याचे काम आले आहे.

याबद्दल मी आपल्याला दोनदा लिहिले. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही. दुसऱ्यानंतर फोन आला आणि ‘ताई, मुलांचा खेळ आहे, त्यात इतिहास कशाला उकरायचा?’ असे मला सांगण्यात आले. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हते, हे मी जाणते. पण खेळच इतिहासाचा आहे, आणि तो ज्या रीतीने सांगितला जाणार आहे ती रीत मला गप्प बसून मान्य करता येत नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवते आहे.

माझे या विषयाशी नाते काय, ते आधी सांगते. माझ्या वडिलांचे गाव कोयना धरणाच्या पाण्याखाली गेले. १९६० च्या सुमारास गावकऱ्यांना घाट उतरवून तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात आणून सोडण्यात आले. वाघजाईचा तांदळा त्यांनी गोणपाटात गुंडाळून बरोबर आणला. आजी सांगायची की नव्या जागी पहिल्या रात्री सगळे देवीभोवती उघड्यावरच बसून राहिले, कारण जी जमीन त्यांना ‘मोकळी’ म्हणून नेमून दिली होती ती आधीपासून दुसरे लोक कसत होते आणि ते बांधावर काठ्या घेऊन उभे होते. ‘मोकळी जमीन’ या शब्दाने आमच्या घरातले बोलणे अजूनही थांबते. कोयनेचे विस्थापन आणि अमेरिकेचा पश्चिमेकडचा विस्तार या गोष्टी एका मापाच्या नाहीत, आणि तसे मला म्हणायचेही नाही. पण सरकारी कागदावर जे मोकळे असते तिथे प्रत्यक्षात चूल पेटलेली असू शकते, एवढे मला जन्मापासून ठाऊक आहे, आणि या मंडळात हे ठाऊक असलेली मी एकटीच असेन असे मला वाटत नाही.

आता माझे आक्षेप.

पहिला आक्षेप ‘ओसाड’ या शब्दाला आहे. आपण जिथे राहतो तो प्रदेश अमेरिकन सरकारने स्वतःच लाखभर माणसांना पूर्वेकडून हुसकावून आणून बसवण्यासाठी राखून ठेवला होता. अँड्र्यू जॅक्सन अध्यक्ष असताना २८ मे १८३० रोजी स्थलांतराचा कायदा झाला, आणि प्रतिनिधिगृहात तो जेमतेम चार-पाच मतांच्या फरकाने मंजूर झाला, म्हणजे हा अन्याय आहे हे त्या काळीही पुष्कळांना कळत होते. त्यानंतर चॉक्टॉ, मस्कोगी, चिकसॉ, चेरोकी आणि सेमिनोल या पाच राष्ट्रांना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हाकलण्यात आले. राष्ट्र हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. चेरोकींची लिखित राज्यघटना होती, न्यायालये होती, शाळा होत्या. सेक्वोया नावाच्या माणसाने, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हते, १८२१ पर्यंत आपल्या भाषेसाठी स्वतःची अक्षरे घडवली, प्रत्येक अक्षराला एक उच्चार, जवळजवळ आपल्या बाराखडीसारखी. त्या अक्षरांचे खिळे पाडून २१ फेब्रुवारी १८२८ रोजी त्यांचे वृत्तपत्र ‘चेरोकी फीनिक्स’ निघाले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले ते त्यानंतर जवळजवळ चार वर्षांनी, ६ जानेवारी १८३२ रोजी. आपण दरवर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा करतो आणि मुलांना बाळशास्त्रींबद्दल सांगतो. मग ज्यांनी त्याच सुमारास आपल्या भाषेत छपाई सुरू केली त्यांना पिसे लावून कडेला उभे करावे, असे आपल्याला का वाटावे?

हे राष्ट्र न्यायालयातही गेले होते. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की चेरोकींच्या भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत. निकालाचा उपयोग झाला नाही. १८३५ च्या डिसेंबरात न्यू इकोटा येथे मूठभर माणसांच्या सह्या घेऊन एक करार करण्यात आला, त्याविरुद्ध प्रमुख जॉन रॉस यांनी पंधरा हजारांहून अधिक चेरोकींच्या सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला नेला, तरीही सिनेटने करार लागणाऱ्या दोन-तृतीयांश बहुमताच्या काठावर, केवळ एका मताच्या जोरावर संमत केला. १८३८ च्या उन्हाळ्यात सैनिकांनी लोकांना घरातून, शेतातून उचलून कोंडवाड्यांत घातले, आणि त्या हिवाळ्यात सुमारे सोळा हजार माणसांपैकी अंदाजे चार हजार दगावली. यालाच अश्रूंची वाट म्हणतात. त्याआधी, १८३६ मध्ये, मस्कोगींना अलाबामातून हाकलले होते, त्यांतल्या कित्येक पुरुषांना साखळदंडांनी बांधून.

टल्सा शहरात, नदीपासून फार लांब नाही अशा ठिकाणी, एक जुना ओक वृक्ष आहे. मस्कोगींच्या लोचापोका गावाचे लोक अलाबामाहून निघताना आपल्या गावच्या होमकुंडातली राख बरोबर घेऊन निघाले आणि १८३६ मध्ये या झाडाखाली पोहोचल्यावर त्यांनी ती राख नव्या कुंडात घालून अग्नी पेटवला. टल्सा हे नावही त्यांच्याच भाषेतल्या ‘जुने गाव’ अशा अर्थाच्या शब्दावरून आले आहे. मी मुलीला घेऊन तिथे गेले होते. झाडाभोवती कुंपण आहे, आजूबाजूला घरे आहेत, शेजारच्या गल्लीतून कुणीतरी कुत्र्याला फिरवायला निघाले होते. मुलीने मला विचारले, ‘आजीचा देव गोणपाटात आणला होता, तसंच?’ मी ‘हो’ म्हटले. त्याच मुलीला आता कोणत्या तोंडाने सांगू की तू मुकुट घालून हात हलव?

दुसरा आक्षेप त्या शर्यतीलाच आहे. २२ एप्रिल १८८९ रोजी भर दुपारी बारा वाजता सुमारे पन्नास हजार माणसे वीस लाख एकरांच्या आसपास जमिनीत धावत शिरली आणि संध्याकाळपर्यंत ओक्लाहोमा सिटी व गथ्री येथे तंबूंची हजारो वस्तीची शहरे उभी राहिली, हे खरे आहे. पण ही जमीन मोकळी झाली कशी? यादवी युद्धात या राष्ट्रांतल्या काही गटांनी दक्षिणेची बाजू घेतली, याचा दंड म्हणून १८६६ च्या तहांत मस्कोगी आणि सेमिनोल यांच्याकडून पश्चिमेकडचा मोठा मुलूख लिहून घेतला गेला. तो इतर मूळ रहिवासी जमातींना आणि गुलामीतून मुक्त झालेल्यांना वसवण्यासाठी घेतो आहोत, असे तेव्हा सांगितले होते. पुढच्या तेवीस वर्षांत रेल्वे आली, रेल्वेला प्रवासी आणि माल हवा होता, आणि ज्यासाठी जमीन घेतली होती तो हेतू मागे पडला. १८९३ मध्ये चेरोकींच्या साठ लाखांहून अधिक एकरांसाठी याहूनही मोठी शर्यत झाली.

धावणाऱ्यांना मी खलनायक ठरवत नाही. त्यांतले पुष्कळ कर्जाने पिचलेले शेतकरी होते, कॅन्सस आणि टेक्ससमध्ये दुष्काळाने व सावकाराने नाडलेले. दक्षिणेतल्या जाचातून सुटू पाहणारी कृष्णवर्णीय कुटुंबेही होती आणि त्यांनी पुढे लँग्स्टनसारखी आपली गावे वसवली. १६० एकर मिळतील या आशेने घोडा फेसाळेपर्यंत पळवणाऱ्या माणसाचे दुःख खोटे नव्हते. त्याचप्रमाणे ज्यांची जमीन गेली ते सगळे निष्पाप होते असेही मी सांगणार नाही, कारण या पाचही राष्ट्रांतल्या श्रीमंतांकडे गुलाम होते आणि अश्रूंच्या वाटेवर ते गुलामही चालत आले. हा सगळा गुंता मुलांना वयानुसार सांगता येतो. शिट्टी आणि झेंडीच्या खेळात मात्र त्यातले काहीच मावत नाही, उरते ती फक्त रिकामी जमीन आणि आधी पोहोचणाऱ्याचा हक्क.

शिवाय आपले गाव शर्यतीच्या जमिनीत येतच नाही. ते मस्कोगी राष्ट्राच्या हद्दीत आहे आणि इथली जमीन घोड्यावरून नव्हे, कागदावरून गेली. माझा तिसरा आणि सर्वांत मोठा आक्षेप हा आहे, आणि त्यासाठी मला माझ्याच घराची कागदपत्रे काढावी लागतील.

इथे घर घेताना जमिनीच्या मालकीचा सगळा इतिहास असलेला दस्तांचा जाडजूड संच हाती येतो, त्याला ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणतात. आपल्या गावच्या सातबाऱ्याचे आणि शंभर वर्षांच्या फेरफारांचे एकत्र बाड बांधावे, तसा तो असतो. आमच्याही घराचा आहे, कपाटात बरीच वर्षे न उघडता पडला होता. गेल्या महिन्यात आपले निवेदन आल्यावर मी तो उघडला. पहिला कागद म्हणजे मस्कोगी राष्ट्राने एका व्यक्तीच्या नावे करून दिलेल्या १६० एकरांच्या वाटपाचा दस्त. ती व्यक्ती म्हणजे सात वर्षांची मुलगी. नावापुढे तिचा यादीतला क्रमांक आणि तिच्या रक्तात मस्कोगी अंश किती, हे अपूर्णांकात लिहिलेले. काही पानांनंतर जिल्हा न्यायालयाने तिच्यावर नेमलेला पालक येतो, जो तिचा कोणी लागत नव्हता. त्यापुढचे पान त्या पालकाने ‘अज्ञानाच्या हितासाठी’, म्हणजे अल्पवयीन मुलीच्या भल्यासाठी, जमीन विकायची परवानगी मागितल्याचे, आणि त्यापुढचे विक्रीचे. चौथ्या कागदानंतर त्या मुलीचे नाव पुन्हा कुठेही येत नाही. माझ्या स्वयंपाकघराखालची जमीन ही त्या १६० एकरांतली आहे.

हे एकट्या तिच्या बाबतीत घडले नाही. १८८७ च्या डॉज कायद्याने जमातींची सामाईक जमीन माणशी तुकडे करून वाटायची आणि उरलेली ‘जादा’ म्हणून बाहेरच्यांना खुली करायची, असे ठरले. पाच राष्ट्रांना आधी त्यातून वगळले होते, १८९८ च्या कर्टिस कायद्याने त्यांनाही त्यात ओढले, त्यांची न्यायालये बंद केली. १९०८ मध्ये अज्ञान वारसांच्या जमिनींवरचा अधिकार इथल्या जिल्हा न्यायालयांकडे गेला, आणि जमिनीखाली तेल लागत असताना पालक म्हणून नेमून घेण्यासाठी वकील, सावकार आणि व्यापारी यांची चढाओढ लागली. सबंध देशात मूळ रहिवाशांकडे १८८७ मध्ये सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती, १९३४ मध्ये ती ४ कोटी ८० लाखांवर आली. एवढी जमीन कोणत्याही लढाईत गेली नाही. सही, अंगठा, शिक्का आणि तारीख यांनी गेली. कुळकायद्याच्या नोंदी, भूसंपादनाच्या नोटिसा आणि तलाठ्याच्या दप्तरातली खाडाखोड ज्यांच्या घरांनी पाहिली आहे, त्या मराठी माणसांना ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये.

मुकुटाबद्दल थोडक्यात. गरुडपिसांचा तो मोठा मुकुट उत्तरेकडच्या माळावरच्या लकोटा, शायेन अशा जमातींचा, तोही पराक्रमाने मिळवलेला मान म्हणून घालायचा. इथल्या चेरोकी पुरुषांची तेव्हाची चित्रे पाहिलीत तर त्यांच्या डोक्याला कापड गुंडाळलेले दिसेल, पागोट्यासारखे. कुणाच्या तरी मुलाने आपल्या फेट्यावर सरदारजींची दाढी लावून ‘हा मराठा’ म्हणून नाच केला तर आपल्याला जसे वाटेल, तसे त्यांना वाटते.

‘अटकेपार’ हा शब्दही इथे शोभत नाही. १७५८ मध्ये मराठी फौजा अटकेला पोहोचल्या, पण तिथल्या माणसांना उठवून आपले शेतकरी वसवायला त्या गेल्या नव्हत्या. आणि आपल्या मोहिमांचा अभिमान बाळगताना हेही लक्षात ठेवावे की बंगालच्या अंगाईत बर्गी, म्हणजे लुटायला आलेले मराठी स्वार, अजून येतात.

मात्र ज्या दिवशी हा खेळ ठेवला आहे तो दिवस मला फार खुपतो. १ मे १९६० रोजी आपल्याला आपल्या भाषेचे राज्य मिळाले, आणि त्यासाठी माणसांनी गोळ्या झेलल्या. याच मातीत, इथून थोड्याच अंतरावर असलेल्या मस्कोगी शहरात, १९०५ मध्ये पाच राष्ट्रांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून स्वतःच्या राज्याची घटना तयार केली. त्या राज्याचे नाव त्यांनी सेक्वोया ठेवले होते, अक्षरे घडवणाऱ्याचे. लोकांनी मतदान करून तिला मोठ्या बहुमताने मान्यता दिली. वॉशिंग्टनने ती मागणी विचारातही घेतली नाही आणि १६ नोव्हेंबर १९०७ रोजी सगळा प्रदेश ओक्लाहोमा राज्यात घातला. संयुक्त महाराष्ट्राचा दिवस साजरा करताना ज्यांना त्यांचे राज्य नाकारले गेले त्यांच्याच जमिनीवर झेंडी रोवण्याचा खेळ आपली मुले खेळणार, ही कल्पना मला सहन होत नाही.

‘हे सगळे जुने झाले’ असे फोनवर मला म्हटले गेले. ९ जुलै २०२० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की मस्कोगी राष्ट्राची राखीव भूमी काँग्रेसने कधीच रद्द केलेली नाही, म्हणून ती आजही आहे. म्हणजे आपण आज त्यांच्या हद्दीत राहतो. गेल्या उन्हाळ्यात मंडळाची सहल माउंट रशमोरला गेली होती. ज्या ब्लॅक हिल्समध्ये ते शिल्प कोरले आहे त्या १८६८ च्या तहाने लकोटांच्या होत्या, सोने सापडल्यावर १८७७ मध्ये काढून घेतल्या. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची भरपाई मंजूर केली, ती व्याजासह एक अब्ज डॉलरच्या वर गेली आहे, आणि त्या गरीब वस्त्यांनी ती अजून उचललेली नाही. त्यांना पैसा नको, डोंगर हवेत. आपल्या माहितीपत्रकात याविषयी एक ओळही नव्हती, आणि तेव्हा मीही काही बोलले नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

‘लँड रन’चा खेळ रद्द करावा. राज्याच्या राजधानीतल्या सार्वजनिक शाळांनी तो पालकांच्या आक्षेपांनंतर काही वर्षांपूर्वीच सोडून दिला आहे, तर आपल्याला तो नव्याने सुरू करण्याचे कारण नाही. धावायचेच असेल तर मुलांसाठी लगोरी, लंगडी, खो-खो आहेत.

‘ओसाड माळरान’ हे वाक्य मागे घेतल्याचे सर्व सभासदांना लेखी कळवावे. स्मरणिकेत हा प्रदेश मस्कोगी राष्ट्राचा आहे आणि ते लोक इथे कसे आले, हे निदान एक पानभर छापावे. मजकूर मी लिहून देईन, पण छापण्याआधी तो ओकमल्गी येथील मस्कोगी राष्ट्राच्या सांस्कृतिक विभागाला दाखवावा. आपल्या लिखाणात आणि मुलांच्या पुस्तकांत ‘रेड इंडियन’ हा शब्द यापुढे वापरू नये.

रविवारच्या मराठी शाळेत वर्षातून एक तास सेक्वोयाच्या अक्षरांसाठी द्यावा. १८७९ पासून मूळ रहिवाशांची मुले घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवली जात होती, तिथे त्यांचे केस कापले जात आणि आपली भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होई. आपण मुलांनी मराठी बोलावी म्हणून दर रविवारी खुर्च्या मांडतो, तेव्हा या भूमीवर भाषा टिकवण्याची किंमत काय पडली आहे ते त्यांना कळायला हवे.

माझी मुलगी ते काम करणार नाही, असे मी या पत्राने कळवते. रविवारी शाळा सुटल्यावर कार्यकारिणीची सभा आहे. त्या सभेला मी घराचे दस्तांचे बाड घेऊन येणार आहे. पहिले चार कागद मला सर्वांसमोर वाचू द्यावेत, दहा मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही, आणि त्यानंतर हा विषय मताला टाकावा.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद आणि रविवारच्या मराठी शाळेतील शिक्षिका